विधवेची ओटी कुणी भरली?

भीमाने आपली ओटी सोन्याने भरली, हे कडूबाई खरात यांचे एकतारीवरचे गाणे आज मोबाईलवर आणि जयंतीत जोरात वाजते. काही जण त्याला नुसते भक्तिगीत म्हणतात. झरीतून लिहिणारे आम्ही हे मान्य करत नाही.

ओटी भरतात सवाष्णीची; विधवेला तो मान नाही. कडूबाई विधवा आहेत. गाणी गातच त्यांनी लेकरे वाढवली. अशी बाई भरल्या ओटीचे गाणे गाते, तेव्हा मनूची रूढी मोडते.

मग हे सोने कोणते? २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क द्या, बहुपत्नीत्व बंद करा, असे ठराव तिथे आपल्या बायांनी केले. पुढे हिंदू कोड बिल रखडवले गेले. १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, त्याचे हे एक मोठे कारण. १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेला वारशात आलेल्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. तो कायदा बौद्धांनाही लागू आहे.

म्हणून मित्रांनो, गाण्यावर नाचा. पण घरच्या सातबाऱ्यावर आई-बहिणीचे नाव आहे का, तेही बघा. जयभीम!