मॅन्डर्लीची लेखिका

डॅफ्ने द्यु मोरिए यांची ‘रिबेका’ आम्ही प्रथम वाचली ती केवळ रहस्यकथा म्हणून. तिच्या जन्माची हकीकत समजली, तेव्हा ती आम्हांस अधिक जवळची वाटली.

१९३७ साली लेखिका इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे होत्या. पती ब्रिटिश सैन्यात अधिकारी. त्यांची नेमणूक होईल तेथे बिऱ्हाड हलवणे ओघानेच आले. तेथील उकाड्यात कॉर्नवॉलच्या सागरतीराची ओढ त्यांना अस्वस्थ करी. त्या ओढीतूनच मॅन्डर्लीचा वाडा कागदावर उभा राहिला. १९३८ मध्ये कादंबरी प्रसिद्ध झाली. जगाने तिला प्रेमकथा मानले. लेखिकेच्या मते ती मत्सराची कथा होती.

हिंदीतील ‘कोहरा’ (१९६४) हा चित्रपट याच कथेवर बेतलेला असून त्यातील करारी दाई आपल्या ललिता पवार यांनी रंगविली.

मॅन्डर्लीच्या कल्पनेमागे होते कॉर्नवॉलमधील मेनाबिली. पडझड झालेली ती वास्तू त्यांनी १९४३ मध्ये भाड्याने घेतली, डागडुजी करून नांदती केली आणि १९६९ मध्ये मूळ मालकांच्या स्वाधीन केली. १९ एप्रिल १९८९ रोजी त्या निवर्तल्या. पुढे १९९७ पासून फॉय या गावी त्यांच्या नावाने वाङ्मयोत्सव भरू लागला.

मेनाबिली त्यांच्या मालकीचे कधीच नव्हते. तरी वाचक ते घर त्यांच्याच नावाने ओळखतात. बदलीच्या गावी बिऱ्हाड थाटणाऱ्या आम्हां मंडळींना याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.