ओमिया बॉन्साय ग्राम

जपानच्या सैतामा प्रांतातील, बॉन्साय म्हणजे कुंडीतील खुजे वृक्ष वाढविण्याच्या कलेसाठी वसविलेली वसाहत. ती टोकिओच्या उत्तरेस सु. ३० किमी.वर आहे. टोकिओच्या दांगोझाका परिसरात पूर्वी अनेक व्यावसायिक बॉन्सायकार राहत. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपात त्यांची मोठी हानी झाली. मोकळी जागा, स्वच्छ पाणी व चांगली माती यांच्या शोधात निघालेल्या काही जणांनी १९२५ मध्ये ही वसाहत स्थापिली. प्रत्येक रहिवाशाने किमान १० बॉन्साय बाळगावेत, उद्यान सर्वांस खुले ठेवावे, दुमजली घर बांधू नये व कुंपण झुडपांचे असावे, असे नियम त्यांनी केले.

बॉन्साय वृक्ष अनेकदा त्याच्या पालकापेक्षा दीर्घायुषी असतो. परंतु कुंडीतील माती अल्प असल्याने त्यास नित्य पाणी, वेळोवेळी छाटणी आणि ठराविक काळाने नवी माती द्यावी लागते. त्यामुळे एका पिढीने निगा सोडल्यास पूर्वीच्या पिढ्यांचे श्रम वाया जातात. दुसऱ्या महायुद्धकाळात (१९३९–४५) हेच संकट ओढवले. बॉन्साय चैनीची बाब ठरून बरीच उद्याने बंद पडली. युद्धानंतर परदेशी पाहुण्यांच्या कुतूहलाने या कलेस नवे चाहते लाभले. १९८९ मध्ये पहिले जागतिक बॉन्साय संमेलन ओमियात भरले. २०१० मध्ये तेथे बॉन्साय कला संग्रहालय सुरू झाले. आता मोजकीच उद्याने उरली आहेत. तथापि वसंतातील पालवी, शरदातील रंगपालट व हिवाळ्यातील निष्पर्ण फांद्या तेथे एकाच कुंडीत न्याहाळता येतात.