आई-वडिलांचं आजारपण : गोळ्यांचा आणि दवाखान्याचा खर्च कुठे वाचतो?

बीपी, शुगर, दमा, गुडघे... साठी उलटली की घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी गोळ्यांची पिशवी येते, ती कायमचीच. ऑपरेशनसाठी घर एकदा उसनवारी करतं. पण दर महिन्याचं मेडिकलचं बिल मात्र हळूहळू पोखरत राहतं. मग म्हातारं माणूस कुणाला न सांगता काटकसर सुरू करतं. रोजची गोळी एक दिवसाआड घेतं, नाहीतर अर्धी मोडून. बीपीच्या गोळ्यांत अशी बचत केली तर लकव्याची वेळ येऊ शकते.

म्हणून पहिलं काम म्हणजे ती पिशवी रिकामी करून बघणे. गावातला डॉक्टर, तालुक्याचा डॉक्टर, जिल्ह्याचा स्पेशालिस्ट, अशा तिघांच्या चिठ्ठ्या एकाच वेळी चालू असतात. पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेलं नाव असतं आणि त्याखाली बारीक अक्षरात खरं औषध. दोन वेगळ्या पाकिटांवर ग्लिमेपिराइडच लिहिलेलं असेल तर पेशंट शुगरची तीच गोळी दुप्पट घेतोय. पैसे जातातच, वर शुगर एकदम उतरून चक्कर येऊन पडण्याचा धोका. सगळ्या पाकिटांचे फोटो मोबाईलमध्ये काढून एकाच डॉक्टरला दाखवावेत आणि ‘यातलं काय बंद करता येईल?’ असं सरळ विचारावं. आपल्या मनाने काही बंद करू नये. ‘ताकदीचं सलाईन’ मात्र डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं नसेल तर मागून घेऊ नये. त्यात बहुतेक वेळा मीठ-साखरेचं पाणीच असतं.

बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत तपासणी, उपचार मोफत झाले आहेत, केसपेपरलाही पैसे नाहीत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं दुसऱ्या खात्याकडे येतात, तिथे हा नियम गृहीत धरू नये. गोळी शिल्लक नसेल तर जनऔषधी केंद्र बघावं. तीच औषधं तिथे कंपनीच्या नावाच्या गोळीपेक्षा साधारण ५० ते ९० टक्के स्वस्त असतात. ‘जनऔषधी सुगम’ अॅपवर जवळचं केंद्र आणि औषधाचा भाव दोन्ही दिसतं. स्वस्त म्हणजे हलकी, हा समज सोडून द्यावा. फक्त फिट्स, थायरॉईड आणि रक्त पातळ करण्याच्या गोळीची कंपनी बदलायची असेल तर आधी डॉक्टरला विचारावं.

आता कार्डाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. ७० वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधारवरचं वय पुरतं. म्हाताऱ्यांचा अंगठा मशीनवर उमटत नाही ही नेहमीची अडचण. तेव्हा मोबाईल नंबरवरचा ओटीपी किंवा आयुष्मान अॅपमधली चेहरा ओळख वापरता येते.

इथेच बऱ्याच जणांची फसगत होते. कार्ड चालतं ते भरती झाल्यावर आणि यादीतल्या आजाराला. रोजच्या गोळ्या, बाहेरून नुसती तपासणी यात बसत नाही. आयुष्मानमध्ये सुटी मिळाल्यावर १५ दिवसांपर्यंतची औषधं मात्र धरलेली असतात, ती मागून घ्यावीत. भरतीच्या वेळी काउंटरवर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला गाठावं. उपचार कॅशलेस आहेत. बिल भरून नंतर पैसे मागायची सोय नाही. रेशनकार्ड आणि आधार मूळ प्रत सोबत हवी, आणि दोन्हीकडे नावाचं स्पेलिंग जुळतंय का ते आजारपण येण्याआधीच बघून ठेवावं.

योजनेत आजार बसला नाही तर धर्मादाय रुग्णालय. तिथे १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो ऐनवेळी मिळत नाही, त्यामुळे दरवर्षी काढून ठेवलेला बरा.

जाण्यायेण्याचंही बघावं. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत, ६५ ते ७५ वयाच्यांना आणि सर्व महिलांना अर्धं तिकीट आहे. योजनेच्या रुग्णालयात कुणी पैसे मागितले तर १५५३८८ वर तिथूनच फोन लावावा.