वारेतून शिरलेला गोवर

इ. स. १९४१ च्या पूर्वार्धात सिडनी येथील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांच्याकडे एकामागून एक तान्ही बालके येऊ लागली. डोळ्यांत जन्मतःच मोतीबिंदू, अंगाने किरकोळ, दूध ओढण्याचीही ताकद नाही. पुष्कळांच्या हृदयात दोष. असा मोतीबिंदू वंशाने येतो, ही तेव्हाची समजूत. पण इतक्या निरनिराळ्या घराण्यांची बीजे एकाच वर्षी कशी बिघडावी? ग्रेग यांनी मातांकडे चौकशी केली. आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियात जर्मन गोवराची साथ होती. ७८ बालकांपैकी ६८ जणांच्या मातांना गरोदरपणाच्या आरंभीच तो झाला होता. १५ ऑक्टोबर १९४१ रोजी मेलबर्न येथे त्यांनी आपला निबंध वाचला.

तीन दिवस पुरळ येऊन जाणाऱ्या या सौम्य आजारावर एवढा आरोप ठेवणे पुष्कळांना पटेना. (आपल्याकडे ग्रहणाला बोल लावतात, तिकडे वंशाला लावला, एवढेच!) १९४४ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ने ग्रेग यांचे म्हणणे सिद्ध झालेले नाही, असा अभिप्राय दिला. पुढे १९५१ मध्ये ऑलिव्हर लँकेस्टर या संख्याशास्त्रज्ञाने जुन्या खानेसुमाऱ्या चाळल्या. १९११ च्या खानेसुमारीत दहा ते चौदा वर्षे वयाच्या बहिऱ्या मुलांची संख्या विलक्षण फुगलेली होती, आणि त्यांचा जन्मकाळ १८९९ च्या साथीशी जुळत होता. पुरावा चाळीस वर्षे दप्तरातच पडून राहिला होता!

वार म्हणजे अभेद्य तटबंदी नव्हे. तो एक नाका आहे. तेथून प्राणवायू आपोआप झिरपतो. साखर व अमिनो आम्ले यांना मात्र वाहक प्रथिने पलीकडे नेतात. १९६२ मध्ये हा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा करण्यात आला आणि त्याची करणी हळूहळू उलगडली. वारेतील केशवाहिन्यांच्या अस्तराला तो इजा करतो, रक्ताचा ओघ मंदावतो आणि गर्भाचा शिधा तुटतो. शिवाय तो गर्भात शिरून पेशींची वाढच रोखतो. त्या बालकांच्या कृशतेत उपासमार किती व प्रत्यक्ष आघात किती, हे निवडून काढणे अवघड आहे.

१९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे २०,००० बालके असे दोष घेऊन जन्मली. लस १९६९ मध्ये आली. भारतात गोवर व रुबेला यांच्या संयुक्त लसीची मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटक, तामिळनाडू, गोवा, पुदुच्चेरी व लक्षद्वीप येथे सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतील मुलगे व मुली, दोघांनाही ती टोचण्यात आली.