कांदिवलीचे पस्तीस घोडे

मुंबईची उपनगरं म्हटलं की लोकांना लोकल आठवते. आमच्या पिढीच्या शेतकऱ्याला कांदिवली आठवते ती ट्रॅक्टरपायी. महिंद्रा आणि परदेशातली इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी १९६३ साली भागीदारीत ट्रॅक्टरची कंपनी काढली, अन् कांदिवलीच्या कारखान्यातून ‘बी-२७५’ गावोगाव आला. पस्तीस एच.पी.चा.

एच.पी.चं माप जेम्स वॉटनं घोड्याच्या कामावरून बसवलं. मेट्रिक हिशेबात ७५ किलो वजन सेकंदाला एक मीटर उचललं की एक एच.पी. म्हणजे त्यात जोरही आला अन् वेगही. टॉर्क म्हणजे नुसता पीळ. गंजलेला नट आखूड पान्यानं हलत नाही, लांब दांडीनं सुटतो, तो पिळाच्या बळावर.

पीळ आणि फेरे यांचा गुणाकार म्हणजे एच.पी. पस्तीस एच.पी.ला मोटारसायकलचं इंजिन मिनिटाला आठ हजार फेरे घेत असेल अन् ट्रॅक्टरचं दोनच हजार, तर ट्रॅक्टरच्या इंजिनाचा पीळ चौपट. काळ्या रानात फाळ रुतला की फेरे पडतात. तेव्हा ज्याचा पीळ टिकतो तोच नांगर ओढतो.

आपण सातबारा गहाण टाकून ट्रॅक्टर आणतो. म्हणून एच.पी. विचारल्यावर गप्प बसू नये. टॉर्क किती, अन् किती फेऱ्यांवर, हेही विचारावं.