मिश्नाची संहिता आणि सत्तेचा प्रश्न

इ. स. ७० मध्ये टायटसच्या रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. त्याबरोबर यज्ञविधी थांबला आणि पुरोहितवर्गाच्या नेतृत्वाचा आधारही नाहीसा झाला. योहानान बेन झक्काई शवपेटीत लपून वेढ्यातून निसटला व त्याने याव्ने येथे अध्ययनकेंद्र उभारले, असे परंपरा सांगते. या कथेची ऐतिहासिकता शंकास्पद आहे; परंतु धर्माधिकार यज्ञवेदीकडून अर्थनिर्णयनाकडे वळल्याची जाणीव तीत निश्चितच आहे.

१३२ ते १३५ मधील बार कोखबाचा उठाव रोमनांनी चिरडल्यानंतर विद्येचे केंद्र गालीलमध्ये गेले. तेथे इ. स. २०० च्या सुमारास यहूदा हा-नासी याने मिश्नाचे संकलन केले. सहा विभागांच्या या विधिसंहितेतील एक अख्खा विभाग प्रामुख्याने मंदिरातील यज्ञबलींविषयी आहे. मंदिर पडून सव्वाशे वर्षे लोटली असताना त्याचे नियम इतक्या बारकाईने का नोंदवावेत? हिल्लेल व शम्माई या दोन संप्रदायांचे मतभेद नोंदवताना अमान्य ठरलेले मतही का राखावे? पुढील एखाद्या न्यायमंडळाला त्याचा आधार घेता यावा, असे एक उत्तर मिश्नाच देते. म्हणजे ही संहिता आपल्या भावी वाचकाला गृहीत धरते.

तिच्यावरून तत्कालीन समाजव्यवहाराचे अनुमान काढणे मात्र धोक्याचे आहे. मृत समुद्राजवळील गुहेत १९६१ मध्ये सापडलेली बाबाथा या ज्यू स्त्रीची कागदपत्रे त्याची साक्ष देतात. तिचा विवाहकरार अरामी भाषेत आहे. परंतु मुलाच्या पोटगीसाठी महिना दोन दिनार अपुरे वाटल्यावर तिने त्याच्या पालकांविरुद्ध रोमन प्रांताधिपतीकडे दाद मागितली. १२५ सालचा हा दावा ग्रीक भाषेत आहे. विद्वान याव्नेत विधिचर्चा करीत होते, त्या काळातच सामान्य ज्यू माणूस आपल्या सोयीने न्यायाचे दार निवडत होता, आणि त्याला अडवण्याची सक्तीची शक्ती त्या विद्वानांपाशी नव्हती.

म्हणूनच मिश्नाचे प्रामाण्य राजसत्तेतून आले, असे म्हणता येत नाही. चौथ्या शतकात रोमन सम्राटांनी नासीपदाला मान दिला. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात ते पद लुप्तही झाले. मिश्ना मात्र पॅलेस्टाइन व बॅबिलोनिया येथील दोन तालमुदांच्या चर्चेचा पाया ठरली. भाष्यकारांच्या पिढ्यांनी तिला जे प्रामाण्य दिले, तेच पूर्वलक्षी दृष्टीने याव्नेच्या विद्वानांवर आरोपित झाले. त्या काळाचा इतिहास लिहिताना हा कालक्रम उलटा होऊ न देणे अगत्याचे आहे.