नोंदवहीपासून आत्मकथनापर्यंत : ए. रेवती

ब्रिटिश अमदानीतील 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात, संशयित ठरविलेल्या हिजड्यांची नावे, निवासस्थाने व मालमत्ता यांच्या नोंदवह्या ठेवण्याची तरतूद होती. कालांतराने तो कायदा गेला. परंतु या समाजाविषयी इतरांनीच लिहावे, ही रीत दीर्घकाळ टिकली. ती मोडणाऱ्यांत तमिळ लेखिका ए. रेवती यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

नामक्कल परिसरातील एका खेड्यात जन्मलेल्या रेवती मुलगा म्हणून वाढविल्या गेल्या. स्त्रीत्वाची जाणीव आणि घरातील मारहाण यांच्या कात्रीत सापडून त्यांनी घर सोडले. दिल्लीत व पुढे मुंबईत हिजडा समाजाच्या गुरु-चेला परंपरेत त्यांना आसरा लाभला. 1999मध्ये बंगळूरच्या ‘संगमा’ या संस्थेत त्या दाखल झाल्या आणि यथावकाश तिच्या संचालकपदापर्यंत पोहोचल्या.

2004 साली प्रसिद्ध झालेल्या ‘उणर्वुम् उरुवमुम्’ (भावना आणि रूप) या ग्रंथात त्यांनी तमिळनाडूतील आपल्यासारख्यांच्या जीवनकथा संकलित केल्या. स्वतःच्या कहाणीआधी इतरांची कहाणी ग्रंथरूप करण्याचा हा क्रम लक्षणीय आहे. त्यांचे तमिळमध्ये लिहिलेले आत्मकथन व्ही. गीता यांच्या अनुवादातून 2010मध्ये प्रथम इंग्रजीत आले. तमिळ ‘वेळ्ळै मोळि’ 2011मध्ये प्रकाशित झाले. देहविक्रय, पोलिसांचा छळ, वडिलोपार्जित मालमत्तेतील हिश्शाचा वाद यांचे कथन त्यांत आडपडदा न ठेवता येते. मात्र ज्या घराने नाकारले त्या घराची ओढही त्यांत तितकीच आहे. आई-वडिलांना खलनायक ठरविणे लेखिकेने टाळले. या लेखनाचे नैतिक बळ त्यांत आहे. दलित आत्मकथनांशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ही साक्ष परकी वाटणार नाही. मराठीतही 2012मध्ये लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ प्रसिद्ध झाले.

15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगाच्या व्यक्तींच्या ओळखीस मान्यता दिली. 2019मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील बटलर ग्रंथालयाच्या दर्शनी भागावर होमर, प्लेटो यांच्या कोरीव नावांच्या वर लावलेल्या फलकावर टोनी मॉरिसन यांच्यासमवेत रेवती यांचेही नाव झळकले. एके काळी नोंदवहीत अशा व्यक्तीचे नाव संशयापोटी लिहिले जाई. येथे ते ग्रंथकर्तीचे नाव म्हणून लिहिले गेले. ते नाव त्यांनी स्वतः निवडलेले होते.